बिबा उततो म्हणजे नेमकं काय होतं?

सध्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय, गुडघा दुखत असेल तर बिब्याचं तेल चोळा, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही म्हणे. हे पाहून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण आमच्या वऱ्हाडात बिबा उतलेला, म्हणजे त्याचं तेल लागून अंगावर सूज अन् पुळ्या आलेला माणूस ज्यानं पाहिलाय तो असं कधीच बोलणार नाही.

बिबा आपल्याकडं तसा घरचाच. वाशीम, अकोला, बुलढाण्याकडं बाया बिबे फोडून आतली गिरी म्हणजे गोडंबी काढतात, तीच गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते. बिब्याचं नारिंगी बोंड पिकलं की पोरं खातात. टाचेला भेगा पडल्या की बिबा दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा अन् ठिबकणारं तेल भेगेत सोडायचं, हे तर शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. म्हणजे बोंड खायचं, आतली गिरी खायची, अन् या दोघांच्या मधे जे काळं टरफल आहे ना, सगळा खेळ तिथंच आहे. फळ एकच पण तेल भरलेलं असतं फक्त त्या टरफलातल्या बारीक बारीक कप्प्यांमधे.

आता आपले लोक म्हणतात बिबा गरम असतो म्हणून उततो. अंगात उष्णता झाली, थंड खा, ताक प्या. तसं नाहीये ते. तेल जास्त लागलं तर कातडी थेट भाजते हे खरं, पण दोन दिवसांनी तोंड सुजतं, डोळे मिटतात, जिथं तेल लागल्याचं आठवतही नाही तिथं पुळ्या येतात, ते सगळं आपल्या स्वतःच्या शरीराचं काम आहे. ॲलर्जी आहे ती.

बिब्याच्या तेलात भिलावनॉल नावाची रसायनं असतात. शाळेत बेंझीनचं षट्कोनी कडं शिकलो होतो ना, तसं एक कडं, त्याला शेजारी शेजारी दोन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आणि बाजूला १५ कार्बनची लांब शेपटी. ही शेपटी तेलकट, म्हणून हे पाण्याला दाद देत नाही आणि कातडीच्या वरच्या थरातून सहज आत उतरतं. आत गेलं की त्या दोन ओएच गटांचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन नावाचं रसायन बनतं, आणि क्विनोनला चिकटायची भारी हौस, ते कातडीतल्या प्रोटीनच्या अमाइन आणि थायोल गटांना जाऊन पक्कं जोडलं जातं. आता प्रोटीन तर आपलंच, पण त्याचं रूप बदललं. कातडीत पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशी हे बदललेलं प्रोटीन उचलून जवळच्या लसिका गाठीत नेतात अन् तिथं टी पेशींना, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, आणि टी पेशी चोराचा फोटो पाहिल्यासारखा तो चेहरा लक्षात ठेवतात. या पहिल्या ओळखीला १०-१४ दिवस लागतात. पुढच्या वेळी तेल लागलं की त्याच टी पेशी दिवस-दोन दिवसांत तिथं जमतात अन् आपल्याच कातडीवर हल्ला करतात.

म्हणून "मागच्या साली तं काईच झालं नव्हतं बाप्पा" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं. मागच्या साली फक्त ओळख झाली होती!

अजून एक, पुळीतलं पाणी लागलं की बिबा पसरतो असं समजतात. त्या पाण्यात भिलावनॉल नसतं. जिथं तेल कमी लागलं किंवा कातडी जाड आहे तिथं पुळ्या उशिरा येतात, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. टाचेची कातडी जाड असते म्हणून भेगेत बिबा बऱ्याच जणांना सोसतो, तेच तेल गुडघ्यावर चोळून पाहा मग कळेल, खरं तर पाहूच नका.

बिब्याचा रस हवेत काळा पडतो अन् कपड्यावरून जात नाही, म्हणून पूर्वी धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना बरोबर त्या खुणेच्या जागी पुरळ यायला लागलं, १९४३ साली त्यांच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी त्यावर लिहिलंय. वाळलेली, धुतलेली खूण, तरी उतली.

आयुर्वेदातही बिबा तसाच वापरत नाहीत, आधी विटेच्या चुऱ्यात घोळून तेल काढून घेतात. तो विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत आहे. दुधात तेलाचे थेंब टाकून पिणाऱ्यांच्या किडनीला इजा झाल्याच्या केसेस आहेत. अन् लिंबू-मिरचीसोबत बिबा ओवून गाडीला बांधतात, त्यानं नजर काही उतरत नाही, तो रस्त्यावर पडतो अन् लहान पोरगं हातात घेतं, एवढंच होतं.

खरी काळजी वाटते ती बिबे फोडणाऱ्या बायांची. दगडावर बिबा ठेवून वरून ठोकलं की तेलाची चिळकांडी उडते, बोटं काळी होतात, काहींची कातडी सोलून निघते. राख लावतात त्या, राख तेल शोषते पण पूर्ण नाही. तेल लागलं की लगेच, प्रोटीनला जोडलं जायच्या आत, फडक्यानं पुसून भरपूर साबण-पाण्यानं धुवावं, वरून गोडं तेल चोळून तसंच ठेवलं तर भिलावनॉल त्यात विरघळून आणखी पसरतं. टरफलं चुलीत जाळू नये, धुरातूनही तोंडावर उततो. आणि मेडिकलमधले पातळ रबरी हातमोजे घेऊन देत असाल तर थांबा, अशा प्रकारची तेलकट रसायनं लॅटेक्स रबरातून पार होतात, त्यापेक्षा जाड विनाइलचे द्या अन् काळे पडले की बदला.