अर्क आधी की गोळी आधी?

आवळ्यासारख्या फळाचा अर्क औषधांच्या माऱ्यापासून यकृत वाचवतो का? याचे प्रयोग बहुधा पॅरासिटामॉल वापरून होतात, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. तापावर घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी ठरल्या मात्रेत निर्धोक असते. धडधाकट प्रौढासाठी दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा. त्यातलं बरंचसं औषध यकृत सहज निकालात काढतं, पण थोड्या भागाचं ‘नॅपक्वी’ नावाचं जहाल रसायन बनतं. यकृतातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन त्याला लगेच निकामी करतं. गोळ्या प्रमाणाबाहेर झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि नॅपक्वी यकृताच्या पेशींवरच तुटून पडतं.

आवळ्याच्या अर्काचे उंदरांवरचे प्रयोग याच वाटेने जातात. काही दिवस अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉलचा मोठा डोस द्यायचा आणि रक्तातलं एसजीपीटी मोजायचं. यकृताच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात उतरतं. यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नुसतं औषध दिलेल्या उंदरात मधल्या शिरेभोवती मेलेल्या पेशींचं कडं दिसतं. अर्क घेतलेल्यात ते कडं बरंच आक्रसलेलं असतं.

हे बघून हुरळून जाण्याआधी क्रम पाहा: अर्क आधी, विष नंतर. दवाखान्यात येणाऱ्याने गोळ्या आधीच गिळलेल्या असतात. तिथे उतारा एन-असेटिलसिस्टीन या औषधाचाच. त्यातून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतं, आणि पहिल्या 8 तासांत दिलं तर गुण उत्तम. शिवाय एखादा अर्क नॅपक्वी बनवणारं एन्झाइमच रोखत असेल, तर उंदीर वाचतो खरा, पण दुसऱ्या औषधापासून तो अर्क वाचवेलच असं नाही.

मला खरी आशा वाटते ती टीबीच्या बाबतीत. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला जड जाऊ शकतात, आणि साध्या टीबीचाही कोर्स 6 महिन्यांचा. इथे गोळ्या कधी सुरू होणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून अर्क पहिल्या दिवसापासून देता येईल. माणसांवरच्या चोख चाचण्या इथे व्हायला हव्यात. त्यात यकृताइतकंच लक्ष टीबीच्या औषधाच्या रक्तातल्या पातळीवर हवं. मिरी हेही फळच, आणि तिच्यातल्या पायपरीनमुळे रिफॅम्पिसिन जास्त शोषलं जातं. दुसरं एखादं फळ उलटही वागू शकेल.

तोवर टीबीच्या गोळ्या चालू असताना घरात जो रस किंवा काढा घेतला जातो, त्याची बाटली डॉक्टरांना दाखवावी. भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.