गाडीला हात न लावता धुतली, तर रंगाला धोका आहे का?

"भाऊ, फडकं नका लावू, लकीरा पडतात." नवी गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगत गाडीतून उतरतो. जुन्या गाडीवाल्याचं नेमकं उलटं असतं : "नुसत्या पाण्यानं काय निघते? घासा चांगली!" दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं रॅम्पवर गाडी उभी असताना घाईत सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

'टचलेस' म्हणजे फोम आणि प्रेशरचं पाणी. ब्रश नाही, कापड नाही. मोठ्या शहरांत गाडीभोवती फिरणारी कमान असते. आमच्याकडे कमान नाही, गन माणसाच्याच हातात असते. त्याचा फायदाही आहे, तो पुढं सांगतो.

लकीरा येतात कुठून?

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. कंपनीचा हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली होती ना, त्या पिशवीएवढी ही गाडीची चमक! आता दर्यापूरकडच्या पांदणीतून आलेली गाडी पाहा. आपली काळी माती स्वतः मऊ असते, पण तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात आणि रस्त्याच्या कामाचा मुरूम वेगळाच. त्यावरून कोरडा दुपट्टा फिरवला की तो सँडपेपरच झाला. उन्हात काळ्या गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल लकीरा दिसतात, त्या बहुतेक धुण्या-पुसण्याच्याच असतात.

मग रबिंग-पॉलिश करून जाळी काढता येते, पण ती काढताना क्लिअर कोटच थोडा खरवडला जातो. एकदा गेलेला थर परत येत नाही. म्हणून लकीरांच्या बाबतीत आमचं उत्तर सरळ आहे : हात न लावता धुणं ब्रशपेक्षा सुरक्षित.

पण घासायचं नाही, तर मळ कोण काढतो?

औषध काढतं. खरा विचार इथं करायचा.

माती परीक्षणाच्या कार्डावर 'सामू' (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) लिहिलेला असतो, तो तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला कळतो. ७ म्हणजे मधला. जमिनीचा सामू साडेआठच्या पुढं गेला की आपण जिप्समचा विचार करतो. टचलेसच्या कडक फोमचा सामू ११-१२ पर्यंत असतो, आणि सामूत एक आकडा वाढणं म्हणजे दहापट फरक. सुस्थितीतला क्लिअर कोट हे दोन-चार मिनिटं सहज सोसतो. फोम अंगावर वाळला तर मात्र डाग धरतो. गाडीला वॅक्स केलं असेल तर ते दोन-तीन धुण्यांत उतरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या पट्ट्या पांढुरक्या पडतात. रिमसाठी काही जण अ‍ॅसिडचं क्लीनर वापरतात, आम्ही ते बंद केलं आहे.

म्हणून आमच्याकडे दोन फोम आहेत. चिखलानं माखलेल्या गाडीला कडक, तोही आधी साध्या पाण्यानं गारा उतरवून, आणि फक्त खालच्या अर्ध्या भागाला. बाकी सगळ्याला सातच्या आसपास सामू असलेला शाम्पू. तुम्ही दुसरीकडे गाडी धूत असाल तरी कोणता फोम मारता हे विचारत जा. उत्तर 'कंपनीचा आहे' एवढंच आलं, तर कॅनवरचं लेबल बघायला मागा.

उन्हाळ्यात आम्ही आधी बोनेटवर तळहात ठेवतो. पाचपर्यंत मोजेस्तोवर हात टिकला नाही, तर गाडी शेडमध्ये थंड होऊ देतो. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेल्या पत्र्यावर फोम मिनिटभरात सुकतो. "किती वेळ लावता राजेहो" असं ऐकून घेतो, पण थांबतो.

खारं पाणी

खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. धुतलेले कपडे वाळल्यावर कसे कडक होतात! तेच पाणी गाडीवर थेंबाथेंबानं वाळलं की प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं राहतं. कडं जुनं झालं की पाण्यानं निघत नाही, आणि उन्हानं रंगात मुरतं. आमच्या मते या भागात फोमपेक्षा हे नुकसान जास्त होतं, आणि त्याची चर्चा कमी होते.

आमच्या बोअरचं पाणी खारंच आहे. म्हणून सुरुवातीचा मारा बोअरचा, पण शेवटची धार आरओच्या पाण्याची, खालून चेसिसलासुद्धा. त्यानंतर आरसे, हँडल, नंबरप्लेटच्या खाचांतलं पाणी ब्लोअरनं उडवतो. हात न लावता धुवायचं आणि शेवटी दिवसभराच्या त्याच मळक्या फडक्यानं पुसायचं, यात टचलेस कुठं राहिलं?

आमच्या हातून झालेली चूक

मागं पोळ्याच्या सुमारास एका टॅक्सीवाल्या दादांचा मागचा बंपर धुताना पाच रुपयांच्या नाण्याएवढी पापडी उडाली. बंपर आधी कुठंतरी पुट्टी भरून रंगवलेला होता, कडेला केसाएवढी चीर होती. आमच्या मुलानं गन वीतभर अंतरावर धरली, पाणी चिरेत शिरलं आणि रंग उचलला गेला. भरपाई आम्ही दिली. तेव्हापासून धुण्याआधी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो, आणि गन किमान हातभर लांब ठेवतो. कमानीला हे दिसलं नसतं. नोझलही पसरट धारेचं वापरतो, बहुतेक पांढरं किंवा हिरवं. लाल नोझल म्हणजे सुईसारखी एकच धार, ते गाडीच्या अंगाला लावायचं नाही.

तेव्हा नवीन डेंटिंग-पेंटिंग केलं असेल, काचेचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) सुटलं असेल, गिट्टीनं रंग उडाला असेल, तर आधी सांगा. ताज्या रंगाला महिनाभर तरी आम्ही प्रेशर मारत नाही.

टचलेसनं काय निघत नाही

पांढरी गाडी टचलेस धुवून सुकल्यावर डिकीच्या दारावर बोट फिरवून बघा. करडी रेघ उमटेल. बारीक धूळ आणि धुराचा तेलकट थर पत्र्याला धरून बसतो, धार त्याच्यावरून निघून जाते. तो हातानंच निघतो. लग्नाच्या गाडीवरचा चिकटपट्टीचा गोंद, पाखरांची वाळलेली घाण, संत्र्याच्या बागेत उडालेलं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) यांचंही तसंच. बोर्डो नखानं खरवडू नका, तशीच गाडी आणा.

आमचा सल्ला असा : एरवी टचलेस, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा दोन बादल्यांचं हातधुणं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायचं साधं पाणी, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. हे घरीही करता येतं, त्यात आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. फक्त चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवू नका. दोन दिवस चकाकतं, मग कुटाराची सगळी धूळ त्यालाच चिकटते आणि रबर फुगतं ते वेगळंच.

छोट्या गाडीचं टचलेस २०० रुपये, हातधुणं ३५० रुपये. ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप घेऊन येणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत यावं. त्यांची जागा मागच्या बाजूला वेगळी आहे, औषधाचं पाणी कारच्या रॅम्पवर येऊ देत नाही.