सुरी बोथट का झाली, ते आधी पाहा

सुरी नुसती पडून राहिली तरी बोथट होते. धार लावून ड्रॉवरात ठेवलेली लोखंडी सुरी गोव्याच्या पावसाळ्यात महिनाभराने बाहेर काढा, टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागलेली असू शकते. उत्तम धारेच्या टोकाची जाडी एक मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असते. पात्याच्या अंगावर जो गंज नुसता तांबूस डाग वाटतो, तेवढाच टोकावर चढला की टोकच खाऊन टाकतो. त्यात आपली हवा खारी. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं, आणि जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. बांगडे कापून सुरी नुसती पुसून ठेवली, तर पात्यावर उरलेला खारट थर कोरडा होतच नाही.

स्टेनलेसलाही यातून पूर्ण सुटका नाही. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा पात्याचं रक्षण करतो. पण मिठातलं क्लोराइड हा पडदा जागोजागी फोडतं. शिवाय सुरी कठीण व्हावी म्हणून तिच्यात कार्बन जास्त ठेवतात, आणि तो थोडं क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो. त्यामुळे सुरी ताटवाटीइतकी निर्धास्त नसते. सोलं, चिंच, तोरं (कच्चे आंबे) चिरल्यावर तिला लगेच धुऊन कोरडी केलेलं बरं.

हे आधी सांगितलं, कारण दुकानात गेल्यावर आपण थेट ‘धार लावायचं काय आहे?’ असं विचारतो. धार जाते कशी, हा प्रश्न राहूनच जातो. सुरीची धार वर करून दिव्याखाली धरा. तीक्ष्ण धार जवळपास दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे पृष्ठभागच नसतो. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार गोलावली आहे किंवा एका बाजूला वळली आहे. चमकते ठिपके असतील तर तुकडे उडाले आहेत.

वळलेल्या धारेला दगड लागतच नाही. घरातल्या बहुतेक सुऱ्यांचं पोलाद मऊसर असतं, कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५४ ते ५८. ते तुटण्याऐवजी वाकतं. अशा वेळी खाटकाकडे दिसते तशी पोलादी सळई दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवली की धार बरीचशी सरळ होते. जपानी पद्धतीच्या ६० च्या वरच्या कठीण सुरीवर मात्र ती फिरवू नये, टवके उडतात. पोलाद किती नाजूक असतं याचं एक उदाहरण २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाढीचं पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवलं, की पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असलेला केसही वाकून विशिष्ट कोनात लागला तर धारेचा टवका उडवतो. पोलादाची सूक्ष्म रचना सगळीकडे सारखी नसते, म्हणून हे घडतं.

झिजलेल्या धारेचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे यात वाळूचा हात मोठा, निदान माझं तरी तसं मत आहे. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, आणि ते सुरीच्या पोलादाहूनही कठीण. तिसऱ्या (शिंपले) उघडताना किंवा नीट न धुतलेली मासळी कापताना प्रत्येक कण धारेवर ओरखडा काढतो. काचेचा किंवा ग्रॅनाइटचा ओटाही तेच करतो. इथे धातू घासून नवी धार काढावी लागते, आणि त्यासाठी दगडच हवा.

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड पुष्कळ घरांना पुरतो. हे सिलिकॉन कार्बाइड अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत शोधलं. टोमॅटो, कांदा यांसाठी पुढे एक हजार नंबरचा दगड असला तर उत्तम. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. पाच-सहा हजारांपर्यंत जाण्याचा सोस मासे कापणाऱ्या घरात करू नये. मासळीच्या चिवट कातडीत किंचित खडबडीत धार चांगली रुतते.

कोन सांभाळणं ही खरी कसरत. साध्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश, पातळ जपानी सुरीला १५. हा कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, पण पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची ते मोजता येतं. चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ साधारण १४ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात, १० मिलिमीटर उचलली की १५. एका बाजूने घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला, धारेच्या पूर्ण लांबीभर, बोटाला धातूची बारीकशी खरखर लागेल (बोट पाठीकडून धारेकडे न्यावं, धारेवरून आडवं कधीच नाही). वर्कशॉपात तिला ‘बर’ म्हणतात. ती आली म्हणजे घासणं टोकापर्यंत पोचलं. ती येण्याआधीच बाजू बदलणं हे धार न येण्याचं सर्वांत मोठं कारण. मग दुसऱ्या बाजूनेही तसंच, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने आलटूनपालटून घासून, जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढून बर काढून टाकायची.

खाचेतून सुरी ओढायचं छोटं शार्पनर झटपट काम करतं, पण त्यातली कार्बाइडची पाती धातू खरवडतात, आणि धार फाटल्यासारखी होते. विळ्यासारखी वापरायच्या स्वस्त सुरीला चालेल. फिरत्या चाकाचा धारवाला दात पडलेल्या कोयत्याला योग्य. मात्र पातळ सुरी त्याच्या हाती देताना ठिणग्यांकडे लक्ष ठेवा. पुष्कळ सुऱ्यांचं कठीण केलेलं पोलाद पुन्हा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून चिवट केलेलं असतं. धारेवर निळी झाक उमटली तर तापमान ३०० च्या घरात गेलं, तिथलं पोलाद मऊ पडलं. बादलीत बुडवून ते पुन्हा कठीण होत नाही, तेवढा भाग घासून काढावाच लागतो.

आदोळीचं, म्हणजे पाटाच्या विळीचं, पातं लाकडात बसवलेलं, म्हणून ते दगडावर नेता येत नाही, दगडच पात्यावर न्यावा लागतो. छोटा ओला दगड घेऊन पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून बाहेरच्या दिशेने फिरवायचा, दुसरा हात पाटावर. नारळ खवायच्या दात्यांना दगड लागत नाही, तिथे गोल बारीक कानस प्रत्येक दात्याच्या खाचेतून फिरवतात. काम झालं की सगळं कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. दगडावर मात्र तेल नको. तो तेलाने एकदा चोंदला की पुन्हा पाणी नीट धरत नाही.