नोटीस दिली म्हणून मालक लगेच रंगारी घेऊन घुसू शकत नाही

पुण्या-मुंबईत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, की भाडेकरूने घर सोडायची नोटीस दिली की शेवटच्या महिन्यात मालक हवं तेव्हा रंगारी, प्लंबर घेऊन येऊ शकतो, कारण काय तर "पुढची पार्टी एक तारखेला येतेय". असं काही नाहीये. अ‍ॅग्रीमेंटची मुदत चालू आहे, भाडं भरताय, तोवर तिथे राहायचा हक्क तुमचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २८ मालकाला घराची पाहणी करू देतं पण आधी कळवून आणि योग्य वेळी, आणि ते लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनाही, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर राहणाऱ्यांनाही, लागू आहे. आता पाहणी वेगळी, आणि तुमचा बेड मधोमध ओढून, प्लास्टिक टाकून भिंतीवर लांबी (पुट्टी) घासत बसणं वेगळं, त्याला तुमची परवानगी लागते. गळती वगैरे असेल तर उगाच अडवू नका, वरच्या मजल्याचं पाणी कपाटात येत असताना कायदा काय काढायचा! पण नुसतं रंगकाम असेल तर सरळ सांगा, चावी दिल्यावर करा, नाहीतर तेवढ्या दिवसांचं भाडं सोडा, आणि ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. डिपॉझिटमधून पेंटिंगचे पैसे कापायचे तर अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसा क्लॉज आहे का ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी असतो आणि सही करताना कोणी वाचत नाही.