लेकराचं रोजचं औषध सरकारी खर्चातून : खान्देशात कुठं मिळतं, कोणते कागद लागतात

लेकरू आजारी पडलं की घरावर दोन तऱ्हेचा खर्च येतो. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, मोठं ऑपरेशन, हा एकदाच येणारा आणि डोळ्यांपुढं अंधारी आणणारा खर्च. फिटची गोळी, दम्याचा पंप, सिकलसेलची कॅप्सूल, हा दर महिन्याला न चुकता येणारा. पहिल्यासाठी योजना आहे, कार्ड आहे, गावोगावी बॅनर लागलेत. दुसऱ्यासाठी वेगळं कार्ड नाही, म्हणून पालकांना वाटतं की तो खिशातूनच करायचा. तसं नाही. रोजच्या औषधाचाही हक्क आहे, फक्त तो वेगळ्या खिडकीवर मिळतो. म्हणून या लेखात ती खिडकी आधी घेतली आहे आणि पाच लाखांची योजना नंतर.

रोजच्या औषधाला अर्ज लागत नाही

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी, औषध आणि केसपेपर मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात येतात. पात्रतेची अट नाही. रेशनकार्ड पिवळं की पांढरं, उत्पन्न किती, हे कुणी विचारायचं नाही. आधारकार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा, नोंद लवकर होते.

औषध शिल्लक नसेल तर दवाखान्यानं ते स्थानिक पातळीवर खरेदी करून द्यायचं, रुग्णाला दुकानात पाठवायचं नाही, हे या व्यवस्थेत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात औषधाच्या खिडकीवर काय ऐकू येतं ते इथं सगळ्यांना पाठ आहे : "अठे नही शे, बाहेरथीन लई या." आणि माय पोराला कडेवर घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये जाते.

तिनं तिथं जाण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे की औषधाचं मूळ नाव आहे ते पाहावं. सरकारी साठा मूळ नावानं ठेवलेला असतो. फिटसाठी खाजगी डॉक्टरनं कंपनीचं नाव लिहिलं असेल आणि खिडकीवर तेच नाव विचारलं तर उत्तर 'नाही' येणार, आणि तेच औषध सोडियम व्हॅल्प्रोएट या मूळ नावानं मागच्या कपाटात असू शकतं. म्हणून आधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून सरकारी केसपेपरवर मूळ नाव आणि लेकराच्या वजनाप्रमाणे डोस लिहून घ्यावा. सायरप नाही, गोळी आहे, असं झालं तर घरी विळीवर गोळी कापू नका. व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या तोडायच्या नसतात. डॉक्टरला विचारूनच बदल करा. आणि साठा संपला म्हणून फिटचं औषध एक दिवसही बंद पडू देऊ नका. ते अचानक थांबलं की झटके परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात.

दुसरी गोष्ट, 'औषध उपलब्ध नाही' एवढं केसपेपरवर तारखेसह लिहून मागावं. तोंडी नकाराचा माग राहत नाही, लेखी नकाराचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं. तो कागद घेऊन कुठं जायचं, इथं बरेच जण चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात आधी वैद्यकीय अधीक्षक, त्यांच्या वर जिल्हा शल्यचिकित्सक. एकाची तक्रार दुसऱ्याकडे नेली की महिना त्यातच जातो. १०४ या आरोग्य क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. प्रत्येक रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या निधीतून गरजेचं औषध घेता येतं. अधीक्षकांना अर्ज करताना तसं स्पष्ट लिहा : 'माझ्या मुलाला हे औषध रोज लागते, साठा येईपर्यंत समितीच्या निधीतून मिळावे.'

आता खान्देशातली खरी अडचण. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे. जळगाव आणि नंदुरबारलाही गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. ही महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत आणि १५ ऑगस्टचा निर्णय त्या विभागाच्या रुग्णालयांसाठी नव्हता. म्हणजे चोपड्यात किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जे मोफत, ते लेकराला वर पाठवल्यावर तसंच मोफत असेल असं गृहीत धरता येत नाही. आजार जितका गंभीर तितकं घरापासून लांब आणि तितकं जास्त शुल्क, हा क्रम मला न्याय्य वाटत नाही. दोन्ही विभाग एकाच सरकारचे आहेत आणि दोन्हींचा पैसा एकाच तिजोरीतून येतो. हे बदलेपर्यंत मार्ग हा : निदान आणि डोस मोठ्या रुग्णालयात ठरवून घ्या, आणि 'पुढील औषध जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून द्यावे' असं मूळ नावासह लिहून आणा. महिन्याचं औषध गावाजवळच मिळतं आणि भाडंही वाचतं.

अंगणवाडी आणि शाळेतून सुरू होणारा रस्ता

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. आश्रमशाळाही त्यात आल्या. जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, बालपणातले आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी ते तपासतात.

यालाही अर्ज नाही. पण पथकानं दिलेली संदर्भ चिठ्ठी हा सगळ्यात मोलाचा कागद. तिच्यावर पुढचे उपचार, हृदयाच्या शस्त्रक्रियेसह, मोफत होतात, आणि रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं असलं तरी ही चिठ्ठी दाखवायची. पथक आलं त्या दिवशी मूल गैरहजर असेल, ऊसतोडीला आईबापासोबत गेलं असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पथकाची बसण्याची जागा असते, तिथं थेट जा. आशाताईंना सांगितलं तरी चालतं.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू होतो. सरकारी रुग्णालयात औषध, तपासणी, रक्त आणि जाण्यायेण्याचं वाहन मोफत. वाहनासाठी १०२. तीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं तर सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. अक्कलकुवा, धडगावकडे अनेक आया तिसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन परत जातात, कारण घरी दुसरं लेकरू आहे आणि मजुरी बुडते. त्यांना दाखल होतानाच हे सांगायला हवं.

दाखल करावं लागलं तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

२ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली आहे आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला, वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू आहे. तेव्हा १,३५६ उपचार यादीत होते.

अर्ज घरबसल्या करायचा नसतो. योजनेतल्या रुग्णालयात गेलं की दाराजवळ आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो नोंदणी करतो, रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं, मंजुरी आली की उपचार. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून फोनवरून मंजुरी घेता येते, म्हणून 'कागद आणा, मग बघू' हे उत्तर मान्य करू नका. लागतात ते कागद असे : रेशनकार्ड, रेशनकार्ड नसेल तर तहसीलदारांचा रहिवासाचा दाखला, आणि फोटो असलेलं ओळखपत्र. लहान मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो. पैसे मागितले तर १५५३८८ वर तिथूनच फोन करा.

आणि डिस्चार्जच्या वेळी हे लक्षात ठेवा. योजनेत घरी गेल्यावर १० दिवसांचं औषध धरलेलं असतं. अकराव्या दिवसाचं नसतं. ऑपरेशनला लाखभर रुपये भरणारी व्यवस्था त्याच लेकराच्या महिन्याच्या गोळ्यांपाशी थांबते, आणि पुष्कळ घरांत औषध इथंच सुटतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात आलं की त्याच दिवशी पुढच्या औषधांची मूळ नावं लिहून घ्या आणि त्या दहा दिवसांतच ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढा.

सिकलसेल

नंदुरबार, आणि धुळे-जळगावचा सातपुड्याकडचा पट्टा, इथं आईबापाकडून लेकराकडे येणारा हा रक्ताचा आजार घराघरात ओळखीचा आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी मोफत होते. पहिली चाचणी गावातच. ती सकारात्मक आली तर दुसरी, खात्रीची चाचणी होते आणि वाहक की रुग्ण हे कार्डावर लिहून मिळतं. वाहक म्हणजे ज्याच्या रक्तात दोष आहे पण आजार नाही, त्याला औषध लागत नाही. रुग्ण असेल तर फॉलिक ॲसिड आणि डॉक्टर ठरवतील तसं हायड्रॉक्सियुरिया, दोन्ही सरकारी दवाखान्यातून. हायड्रॉक्सियुरिया सुरू असताना ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, तेही मोफत.

याच कार्डाचा पुढं उपयोग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार येतात. त्याचं प्रमाणपत्र काढायला स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा : आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, तपासणीचे कागद. मग जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढं मुलाला न्यायचं. सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवाससवलत आहे, ती काढून घ्या. औषध फुकट आणि तिकीट महाग, अशी स्थिती डोंगरातल्या माणसाची असते.

उत्पन्नाची अट असलेल्या योजना

मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष मे २०२५ पासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, मुंबईला जायचं कारण उरलं नाही. कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. विहित अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि आधार. लहान बाळाला आधार नसेल तर आईचं चालतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून अर्ज उपचार सुरू असतानाच करा, बिल भरून झाल्यावर नाही.

धर्मादाय, म्हणजे ट्रस्टनं चालवलेल्या, रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रुग्णालय नकार देत असेल तर धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलला, तिथं उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आणि दिव्यांगासाठी ५० हजार वर्षाला.

या मर्यादांबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. कापूस वेचणाऱ्या नवराबायकोचंही उत्पन्न याच्या आत बसत नाही. १ लाख ६५ हजारांचं घर सहायता निधीतून बाहेर, आणि त्याच्या लेकराचा आजार मात्र तोच. मग लोक कमी उत्पन्न सांगतात, तलाठी मान फिरवतो, आणि जो खरं सांगतो त्याचं लेकरू मागं राहतं. 'आमच्या करातून फुकट कशाला' असं म्हणणारे भेटतात. साबण आणि मोबाईलचा रिचार्ज घेताना शेतमजूरही जीएसटी भरतोच. मुलांच्या औषधाला उत्पन्नाची चाळणी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १५ ऑगस्टच्या निर्णयानं हे दवाखान्याच्या खिडकीपुरतं मान्य केलं, ते पुढं न्यायला हवं.

कागद आधीच करून ठेवा

सगळं अडतं ते जन्मदाखल्याशी. घरी बाळंतपण झालं तर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा, पैसे लागत नाहीत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. जन्मदाखल्यावर पाच वर्षांच्या आतलं बाल आधार निघतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. पाचव्या वर्षी मात्र ठसे द्यायला न्या, नाहीतर पुढं ओळख जुळत नाही. जन्मदाखला आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत रेशनकार्डावर नाव वाढवा.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र जोडा, पोचपावती घ्या. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येते आणि मुदत १५ दिवसांची आहे. मुदतीत दाखला आला नाही तर त्याच पावतीच्या क्रमांकावर पहिलं अपील करता येतं. मूल रुग्णालयात असेल तर अर्जासोबत दाखल असल्याचं पत्र जोडा आणि ते तहसीलदारांना समक्ष दाखवा.