नऊ आणि बावीसची अदलाबदल

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात एक काका राहतात. चार वर्षांपूर्वी थकवा जात नाही म्हणून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पुढची तपासणी करायला लावली. रिपोर्टवर ‘टी’ आणि पुढे कंसात 9 आणि 22. काकांनी चष्मा वर सरकवून मला विचारलं, “हे काय आहे रे बाप्पा? मटक्याचे आकडे?”

या आकड्यांचं मूळ शिकागोतल्या एका जेवणाच्या टेबलावर आहे.

ते टेबल डॉक्टर जॅनेट रावली यांचं. त्यांचा जन्म 1925 चा. शिकागो विद्यापीठात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, पण 65 जागांपैकी मुलींना 3 आणि त्या भरलेल्या. म्हणून पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागलं. 1948 मध्ये पदवी आणि दुसऱ्याच दिवशी लग्न. मग चार मुलगे. कितीतरी वर्षं त्यांनी आठवड्यातले मोजकेच दिवस काम केलं. आपल्याकडे अशा बाईला ‘हौस म्हणून नोकरी करते’ म्हणतात, तिथेही फार वेगळं म्हणत नसावेत.

1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे काकांना झालेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णांमध्ये एक गुणसूत्र (पेशीतला जनुकांचा धागा) आखूड दिसलं होतं. तुकडा गळून गेला असावा, असा समज झाला. तेव्हा सगळी गुणसूत्रं एकाच रंगात रंगायची, त्यामुळे एकसारख्या आकाराची दोन शेजारी ठेवली की ओळखू येत नसत. 1970 च्या सुमाराला नवे रंग आले आणि गुणसूत्रावर आडवे पट्टे दिसू लागले, प्रत्येकाचे आपापले. नागपुरी लुगड्याचा नुसता काठ बघून आजी सांगायची ना, हे कोणाचं लुगडं, तसंच हे.

नवरा वर्षभरासाठी ऑक्सफर्डला गेला, तेव्हा सोबत गेलेल्या रावलींनी तिथे ही पद्धत शिकून घेतली. परतल्यावर फोटो घरी आणायचे, कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं, जोड्या लावायच्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, म्हणून पोरं चिडवायची. 1972 मध्ये एका तीव्र ल्युकेमियात त्यांना 8 आणि 21 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दिसले. मग ते फिलाडेल्फियातलं जुनं आखूड गुणसूत्र, 22 क्रमांकाचं, त्यांनी पुन्हा पाहायला घेतलं. त्याच पेशीतल्या 9 च्या टोकाला थोडा जास्तीचा काठ होता. गेलेला तुकडा गेलाच नव्हता, 9 ला शिवला होता! रिपोर्टवरचा ‘टी’ म्हणजे हीच अदलाबदल, ट्रान्सलोकेशन. 1973 मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं, गुणसूत्रांतली ही मोडतोड म्हणजे कर्करोगाने केलेली नासधूस. रावली म्हणत होत्या की रोग तिथूनच सुरू होतो. पटायला वेळ लागला.

पुढे कळलं की या सांध्यावर दोन जनुकं चिकटतात, बीसीआर आणि एबीएल. एबीएल एरवी गरजेपुरतंच चालू होणारं विकर (एन्झाइम) बनवतं. बीसीआरला जोडलं गेलं की बटणच अडकतं. पेशीला ‘वाढ, वाढ’ हा हुकूम थांबतच नाही. इमॅटिनिब ही गोळी त्या विकराच्या ज्या खाचेत ऊर्जेचा रेणू बसतो, तिथेच जाऊन बसते. 2001 मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. त्याआधी पेशी कमी ठेवायला हायड्रॉक्सीयुरिया द्यायचे. विदर्भातल्या सिकलसेलच्या घरांत हे नाव ओळखीचं आहे. त्याने आकडे उतरत, पण बहुतेकांचा रोग काही वर्षांत उसळायचाच.

मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर पडायची. तिचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं. भारतीय कंपन्यांची गोळी तिच्या मानाने कितीतरी स्वस्त असते. माझ्या मते काकांच्या कहाणीत हा निकालही कात्रीइतकाच मोलाचा.

रावलींनी 1977 मध्ये दुसऱ्या एका ल्युकेमियातली आणखी एक जोडी दाखवली, 15 आणि 17 ची. त्या ल्युकेमियात आज अ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध आणि आर्सेनिक देतात. हो, आर्सेनिक म्हणजे आपला सोमलच, पण मोजून-मापून, दवाखान्यात. 2013 च्या डिसेंबरात त्या गेल्या.

काका रोज जेवताना इमॅटिनिबची 400 मिलिग्रॅमची गोळी घेतात, वर मोठा ग्लासभर पाणी. परवाचा रिपोर्ट आला, बीसीआर-एबीएल 0.08 टक्के. 0.1 च्या खाली म्हणजे चांगलं, मी सांगितलं. काकांनी कागद घडी करून फाइलीत घातला आणि काकूंना हाक मारली, “अवं, चहा मांड. आकडा लागला.”