डच सुवर्णयुगातील चित्रकला आणि जीवनमूल्ये

डच सुवर्णयुगातील चित्रकला : सतराव्या शतकात, स्पेनच्या राजवटीविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या डच प्रजासत्ताकात बहरलेली चित्रपरंपरा. रेम्ब्रँट, फ्रान्स हाल्स, योहानेस व्हर्मेर, यान स्टेन, पीटर द होख, यूडिथ लेस्टर हे तिचे ठळक प्रतिनिधी. यूरोपातील इतर अभिजात चित्रकला प्रामुख्याने चर्च, राजदरबार आणि सरदारांच्या वाड्यांसाठी घडत होती. डच चित्रे मात्र मध्यमवर्गीयांच्या घरांतील भिंतींसाठी रंगवली गेली. त्यामुळे संत, देवदूत आणि विजयी राजे मागे पडून दूध ओतणारी मोलकरीण, कपड्यांचे कपाट लावणारी गृहिणी, कापडाची प्रत तपासणारे व्यापारी आणि अर्धवट सोललेले लिंबू यांना चित्रात मानाचे स्थान मिळाले. एखादा समाज स्वतःला कसा पाहतो, आणि त्याहूनही अधिक, आपण कसे दिसावे असे त्याला वाटते, हे या परंपरेइतके उघडपणे फार थोड्या चित्रपरंपरांत दिसते.

पार्श्वभूमी

१५६६ मध्ये नेदरलँड्समधील चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडण्याची लाट आली. कॅल्व्हिनपंथीयांच्या, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या, मते देवळातील प्रतिमा ही मूर्तिपूजाच होती. पुढे उत्तरेकडील प्रांतांत या पंथाचा वरचष्मा झाल्यावर चर्चच्या भिंतींना पांढरा चुना फासला गेला. हार्लेमच्या पीटर सानरेडामने (१५९७–१६६५) या रिकाम्या, उजळ देवळांचीच चित्रे काढली. त्यांत वेदीवरचे चित्र नाही, मेणबत्त्यांची रांग नाही, आहे तो फक्त खांबांवर पडलेला प्रकाश. धर्माने चित्राला दाराबाहेर काढले, तर चित्रकाराने ते रिकामे दारच रंगवले.

चर्चचा आश्रय गेला, दरबारही लहान. उरला तो बाजार. चित्रकार सेंट ल्यूकच्या नावाने चालणाऱ्या गिल्डचे, म्हणजे कारागीर संघाचे, सभासद असत आणि दुकानांतून, जत्रांतून, सोडतींतून आपला माल विकत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरत, बुऱ्हाणपूर, आग्रा पाहून आलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६४० मध्ये ॲम्स्टरडॅमला गेला. खाटीक आणि बेकरीवाले आपली दुकाने चित्रांनी सजवतात, एवढेच नव्हे तर लोहार आणि चांभारही भट्टीजवळ नि टपरीत एखादे चित्र टांगतात, अशी नोंद त्याने केली आहे. बेकरीवाल्यांपुरती तरी ती अतिशयोक्ती म्हणता येत नाही. १६७५ मध्ये व्हर्मेर वारला तेव्हा डेल्फ्टमधल्या बेकरीवाल्याची पावाची उधारी ६०० गिल्डरच्या (गिल्डर हे डच नाणे) वर गेली होती, आणि त्याच्या विधवेने ती दोन चित्रे देऊन भागवली. शतकभरात तेथे काही दशलक्ष चित्रे रंगवली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली फार थोडी आज शिल्लक आहेत.

बाजारासाठी काम करायचे म्हणजे गिऱ्हाईक ओळखायचे. त्यामुळे चित्रकार एकेका विषयात तरबेज झाले: कोणी फक्त समुद्र रंगवी, कोणी फुले, कोणी गुरेढोरे, कोणी मेजवानीची टेबले.

घर : नीतीचे केंद्र

कॅल्व्हिनपंथी विचारात कुटुंब हे लहानसे चर्चच मानले जाई. नवरा-बायकोची कर्तव्ये, मुलांचे वळण, मोलकरणींवरची देखरेख यांविषयी याकोब काट्स या कवीची उपदेशपर पद्ये घरोघर वाचली जात. चित्रांनी हाच विषय उचलला. पीटर द होखच्या १६६३ च्या एका चित्रात दोन स्त्रिया घडी घातलेले कपडे मोठ्या लाकडी कपाटात ठेवत आहेत. दारापाशी एक मूल चेंडू टोलवण्याची काठी घेऊन खेळते आहे, आणि उघड्या दारातून बाहेरचा रस्ता दिसतो. घडत काहीच नाही. पण नीट घड्या घातलेले स्वच्छ तागाचे कपडे म्हणजे घराची अब्रू होती, आणि आत-बाहेरच्या सीमेवर खेळणारे मूल ही त्या घराची पुढची जबाबदारी.

व्हर्मेरची दूध ओतणारी मोलकरीण (सु. १६५७–६०) या सगळ्याच्या एक पाऊल पुढे जाते. चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच. त्या काळच्या नाटकांत आणि छापील चित्रांत मोलकरीण म्हणजे आळशी, नखरेल, चोरटी असा ठरलेला साचा होता. इथे मात्र तिचे सगळे लक्ष दुधाच्या बारीक धारेवर आहे, पाठीमागच्या भिंतीत खिळा आणि खिळ्यांची भोकेही दिसतात. खाली जमिनीवर पाय शेकायची शेगडी आहे आणि तिच्या मागे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या टाइलवर चिमुकला मदन रंगवलेला आहे. जुन्या साच्याची तेवढी खूण उरली आहे. अलीकडच्या तपासणीत असे दिसले की, तिच्या डोक्यामागे रंगवायला घेतलेली सुरया टांगायची फळी आणि खाली ठेवलेली एक टोपली व्हर्मेरने स्वतःच पुसून टाकली होती. पसारा गेला, काम उरले. श्रमाला प्रतिष्ठा देणारे याहून साधे चित्र यूरोपात शोधावे लागेल.

घराची दुसरी बाजू यान स्टेनने (१६२६–१६७९) दाखवली. तो कॅथलिक होता, डेल्फ्टमध्ये त्याने बिअरची भट्टी चालवून पाहिली आणि लायडनमध्ये खानावळ काढली. त्याच्या चित्रांत मुले आरडाओरडा करतात, कुत्री ताटात तोंड घालतात, मोठी माणसे झिंगलेली असतात. पसाऱ्याच्या घराला डच भाषेत आजही ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात. ‘म्हातारे गातात तशी पोरे वाजवतात’ या डच म्हणीवर त्याने एकाहून अधिक चित्रे काढली. आपली ‘खाण तशी माती’ जवळपास तीच गोष्ट सांगते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील चित्रात म्हातारी कागदावरून ती म्हण गात आहे, वर नक्कल करणारा पोपट बसला आहे, आणि मुलाला हसत हसत चिलीम ओढायला शिकवणारा बाप म्हणजे खुद्द स्टेन. उपदेश करणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यामुळे त्या उपदेशाची धार बोथट होत नाही, उलट वाढते.

सणाचा हट्ट

परंपरा कशी टिकते हे पाहायचे तर स्टेनचेच सेंट निकोलसच्या सणाचे चित्र (सु. १६६५–६८, राइक्सम्युझियम, ॲम्स्टरडॅम) सावकाश पाहावे. ५ डिसेंबरच्या रात्री मुले बूट ठेवतात, संत चिमणीतून भेटी टाकतो, अशी ही जुनी कॅथलिक रीत. धर्मोपदेशकांना ती खपत नव्हती. काही नगरपालिकांनी संतांच्या आकाराच्या बिस्किटांच्या आणि बाहुल्यांच्या विक्रीवर बंदी घातली. लोकांनी ती ऐकली नाही.

चित्रात पुढ्यात लहान मुलगी उभी आहे. तिच्या हातात संत योहानाची बाहुली, मनगटाला खेळण्यांची आणि खाऊची बादली. आई हात पुढे करून बोलावते आहे, पण पोरगी बाहुली सोडायला तयार नाही. डावीकडे मोठा मुलगा रडतो आहे, कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी झोडपायची छडी निघाली. मोलकरणीने तो बूट सर्वांना दिसेल असा धरला आहे आणि धाकटा भाऊ त्याच्याकडे बोट दाखवून आपल्याकडे पाहत हसतो. मागे पडद्याजवळ आजी बोट हलवून रडणाऱ्या नातवाला खुणावते. बहुधा तिथे त्याच्यासाठी काही लपवून ठेवले असावे. एक तरुण कडेवर बाळ घेऊन धुराड्याकडे बोट करतो, शेजारचा मुलगा तोंड उघडून वर पाहतो आहे. त्या बाळाच्या हातात सेंट निकोलसच्या आकाराचे मसालेदार बिस्कीट आहे, म्हणजे नेमके तेच, ज्याच्यावर बंदी होती. खालच्या टोपलीत वॅफल आणि केक, उजव्या बाजूला टेकवलेला सणाचा मोठा पाव.

इथे बक्षीस-शिक्षेची शिस्त आहे, तिला वळसा घालणारी आजीची माया आहे आणि पंथाच्या फतव्याला न जुमानणारी घरची रीत आहे. कोणाची बाजू घ्यावी हे स्टेन सांगत नाही, पण सर्वांत प्रेमाने रंगवलेली आहे ती टोपलीच.

टेबलावरच्या वस्तू

स्थिरवस्तुचित्रांत मूल्यांची भाषा अधिक ठरावीक होते. लायडनसारख्या विद्यापीठाच्या गावात कवटी, वाळूचे घड्याळ, विझलेली मेणबत्ती, साबणाचा फुगा, जुनी पुस्तके यांची मांडणी असलेली ‘व्हॅनिटास’ चित्रे लोकप्रिय झाली. बायबलच्या ‘उपदेशक’ पुस्तकातील ‘सर्व काही व्यर्थ’ हा त्यांचा सूर. हार्लेमच्या पीटर क्लास आणि विलेम हेडा यांच्या न्याहारीच्या टेबलांवर कवटी नसते. उलटलेला चषक, फुटलेला पेला, साल लोंबणारे लिंबू यांवरच भागते. कधी पंचांगाच्या फाटक्या पानात बांधलेली मिऱ्याची पुडीही दिसते. पुढे विलेम काल्फच्या चित्रांत चिनी मातीची भांडी, पौर्वात्य गालिचे, शिंपल्याचे चषक आले.

यातला विरोधाभास समकालीनांनाही कळत असणारच. संपत्ती क्षणभंगुर आहे हे सांगणारे चित्र स्वतःच महागडी वस्तू होते, आणि चांदीवरची चमक चितारताना चित्रकाराचा ब्रश वैराग्याने थरथरत नव्हता. फुलांच्या चित्रांचेही तेच. राखेल राउश (१६६४–१७५०) हिच्या एका फुलदाणीत वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी फुले एकत्र येतात, पानावर एखादी अळी असते. दहा मुलांची आई असलेल्या या चित्रकर्तीला ड्युसेलडॉर्फच्या दरबाराने आश्रय दिला. यूडिथ लेस्टरचे (१६०९–१६६०) नशीब निराळे. १६३३ मध्ये हार्लेमच्या गिल्डची सभासद झालेली ही चित्रकर्ती मृत्यूनंतर विसरली गेली. तिची चित्रे हाल्सच्या नावावर खपत राहिली आणि १८९३ मध्ये तिची सही ओळखली गेल्यावर ती पुन्हा प्रकाशात आली.

नागरिक आणि संस्था

राजाचे भव्य व्यक्तिचित्र हा यूरोपातील नेहमीचा प्रकार. डच शहरांनी त्याच्या जागी मंडळाचे चित्र बसवले: नागरी पथके, अनाथालये व वृद्धाश्रमांचे विश्वस्त, शल्यविशारदांचा संघ. वर्गणी काढून चित्र काढायचे आणि प्रत्येकाने आपल्या चेहऱ्याचे पैसे द्यायचे, असा हिशेब. रेम्ब्रँटच्या ‘नाइट वॉच’ (१६४२) या नागरी पथकाच्या चित्रासाठी प्रत्येकी सरासरी १०० गिल्डर दिले गेले, ठळक जागा मिळालेल्याने जास्त आणि मागे राहिलेल्याने कमी, अशी साक्ष नोंदलेली आहे. १७१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात नेताना भिंतीत मावावे म्हणून या चित्राच्या कडा कापल्या गेल्या.

मूल्यांच्या दृष्टीने मात्र रेम्ब्रँटचे १६६२ चे कापड तपासनिसांचे चित्र अधिक बोलके आहे. रंगवलेल्या कापडाची प्रत ठरवणारे पाच जण व त्यांचा नोकर टेबलाशी आहेत. कोणी नुकतेच आत आल्यासारखे ते पाहतात. पाचांत दोन कॅथलिक, एक मेनोनाइट, एक रेमॉन्स्ट्रंट (हे दोन्ही वेगळे प्रॉटेस्टंट पंथ) आणि एक कॅल्व्हिनपंथी होता. कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्याची मुभा नसलेल्या शहरात धंद्याच्या टेबलाभोवती ते सारे एकत्र बसत. ही सहिष्णुता तत्त्वज्ञानातून आली तितकीच व्यापाराच्या सोयीतूनही आली.

फ्रान्स हाल्सने ऐंशी ओलांडल्यावर, १६६४ च्या सुमारास, हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त स्त्री-पुरुषांची दोन चित्रे रंगवली. दरिद्री हाल्सने तिथे आश्रय घेतला आणि कठोर विश्वस्तांवर सूड उगवला, ही कथा पुष्कळ लिहिली गेली. ती खरी नाही. तो त्या आश्रमात कधी राहिला नाही आणि शहर त्याला निर्वाहवेतन देत होते. पण त्या स्त्रियांच्या हाडकुळ्या हातांकडे पाहिले की, दानधर्म करणाऱ्यांच्या मनातही सत्ता असते, हे त्याला दिसले होते याविषयी शंका राहत नाही.

अर्थ लावण्याचा वाद

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडी द योंग यांनी या चित्रांतील वस्तू तत्कालीन बोधचित्रांच्या, म्हणजे चित्राखाली नीतिवचन छापलेल्या, पुस्तकांशी ताडून पाहिल्या आणि साध्या दिसणाऱ्या दृश्यांत दडलेला उपदेश दाखवला. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये याला हरकत घेतली: डच चित्रकार उपदेशक नव्हे, तर भिंग आणि नकाशांच्या युगातला निरीक्षक आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण चित्र म्हणजे कोडे आणि वस्तू म्हणजे त्याची किल्ली असे मानण्याने स्टेन किंवा व्हर्मेर हाती लागत नाही. उलट चित्राला छायाचित्र समजणेही धोक्याचे. द होख आणि व्हर्मेरच्या घरांतील काळ्या-पांढऱ्या संगमरवरी फरश्या प्रत्यक्ष डच घरांत दुर्मीळ होत्या, असे संशोधनातून दिसून आले आहे.

या चित्रांतून काय गाळले गेले, हाही प्रश्न आता विचारला जातो. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने आणि १६२१ च्या वेस्ट इंडिया कंपनीने गुलामांचा व्यापार केला. टेबलावरची साखर आणि मसाले त्या जगातून येत, पण ते जग चौकटीत क्वचितच शिरते. मॉरित्सहाउसची वास्तूही ब्राझीलमधील डच वसाहतीच्या गव्हर्नरने बांधलेली. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम म्युझियमने ‘सुवर्णयुग’ हा शब्द सतराव्या शतकासाठी वापरणे थांबवले. या नोंदीत तो रूढ असल्यामुळे ठेवला आहे. रेम्ब्रँटचे १६६१ चे दोन आफ्रिकी पुरुषांचे चित्र हा त्या मौनातला लक्षणीय अपवाद.

भारताशी संबंध

डचांच्या वखारी सुरत, कोरोमंडल किनारा आणि कोकणात वेंगुर्ला येथे होत्या. मालाबरोबर इथली चित्रेही नेदरलँड्सला गेली. रेम्ब्रँटने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, त्यांत शाहजहानची आहेत. उत्तम जपानी कागदावर, आपल्या सवयीच्या मानाने फार जपून काढलेली. ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहात गोवळकोंड्याच्या शैलीतील व्यक्तिचित्रांचा संच होता. तो आता राइक्सम्युझियममध्ये असून, त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र आहे.